समोरचं पान

१

अखात्रीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाजारात यायची साडी आठवडाभर आधीच कामरेजवाल्याच्या दुकानात पुतळ्याच्या अंगावर चढली, आणि त्याच दुपारी विशाखा इंगळेला तिच्याच केबिनमध्ये कोंडलं गेलं.

जयंतीशेठनी ती साडी विकत आणून टेबलावर आपटली. निळ्या-करड्या लाटा आणि मधूनच चिखलाची एक सोनेरी रेघ. हजीऱ्याला तापी समुद्राला भेटते तिथली ती भरती. शेठचा धंदा साड्यांच्या डिझाइनचा. त्या मेलने व्यापाऱ्यांकडे धाडायचं काम विशाखाचं. ही डिझाइन तयार करण्यात सगळा हिवाळा गेला होता आणि तिचं नावही त्यांनी 'भरती' असंच ठेवलं होतं.

सगळे टेबलाभोवती जमले. शेठचा पुतण्या केतन लाटांकडे बघत राहिला. फोन सांभाळणारा शुभम शेठच्या तोंडाकडे बघत राहिला. भरती जिच्या हातातून उतरली होती त्या छायाताईंनी मात्र साडीचा काठ उलटा करून पाहिला, तो टोकापर्यंत बोटांनी चाचपला आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. बाईला धक्का बसला असं सगळ्यांना वाटलं, आणि बसलाही होता.

शेठनी विशाखापुढे एक छापलेला मेल धरला. "ये तेरे कम्प्युटर से गया है. कामरेजवाले को. गए हफ्ते. पूरी फाइल!"

"शेठ, मी असं कशाला करू?"

"और ऊपर से मस्करी!" शेठचा आवाज चिरकला. त्यांनी मेलाची पहिली ओळ वाचली, "'बा, नवी डिझाइन छे, आशीर्वाद आपजो.' मेरी मां का नाम लेके चोरी करती है?"

विशाखाच्या तोंडचं पाणीच पळालं. मेल खरोखर तिच्या मशीनवरून गेलेला होता आणि तो तिने पाठवलेला नव्हता.

मग केतनने तिचा मोबाइल काढून घेतला, मशीनमधली इंटरनेटची वायर उपसून गळ्यात टाकली आणि केबिनला बाहेरून कुलूप लावलं. आत एक कागद ठेवला होता. 'मी विशाखा बाजीराव इंगळे, भरती ही डिझाइन मी चोरून दिली.' खाली सहीपुरती जागा. दिवाबत्तीपर्यंत सही केली तर घरी जायचं, नाही केली तर पोलीस येणार. माणसाला असं कोंडता येत नाही हे कायद्यात लिहिलेलं असेलच, पण सुरतेच्या रिंगरोडच्या बाजारात कायद्याला जिना चढून यायला वेळ लागतो.

२

केबिन काचेची होती. नमुन्याची पाकिटं आतबाहेर करायला खाली हात जाईल एवढी एक खिडकी, बाकी सगळं बंद. जाता-येता माणसं आत बघत होती. कालपर्यंत तिच्याकडून मोबाइल दुरुस्त करून घेणारी माणसं आज तिला प्राणिसंग्रहालयातल्या जनावरासारखी बघत होती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती आणि चीडही येत होती.

सही केली तर सुटका होती, पण कसली? सुरतेच्या कापडबाजारात बातमीला पाय नाहीत, चाकं आहेत. उद्या कोणी तिला दारात उभं केलं नसतं. लिंबायतला तिचे बाबा, बाजीराव, लूमवर उभे राहून राहून पाय सुजवून घेत आणि चहाच्या टपरीवर भेटेल त्याला सांगत, "आमची विशू कम्प्युटरला सांगती आन् तो आइकतो." आता ते काय सांगणार होते?

"रडून काय होणार," असं ती स्वतःशीच म्हणाली आणि थोडं रडून झाल्यावर मशीनसमोर बसली. वायर काढली होती तरी मेलांची एक प्रत मशीनमध्ये असायचीच. केतनला ते माहीत नव्हतं.

तिचा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, दिसायला अगदी दरिद्री, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. पण त्यात मजकूर, मेल, सगळं एकाच जागी उघडायचं. अशा उघड्या पानाला त्या जगात बफर म्हणतात. विशाखा सरळ पान म्हणायची. रोज सकाळी ती एक यादी करायची. प्रत्येक ओळीत एका व्यापाऱ्याचा पत्ता आणि शेजारी एक दुवा. दुव्यावर टिचकी मारली की ऑफिसच्या सामायिक खात्यातला त्या व्यापाऱ्यासाठीचा मेल उघडायचा, डिझाइनच्या चित्रासकट. तो मेल पुढे धाडायचा, की पुढची ओळ. हे हाताने करून कंटाळल्यावर तिने स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे हेच सगळं मशीनने आपणहून करायच्या सूचना. कळ दाबायची, सगळे गॅलरीत चहाला जमायचे, आणि परत येईपर्यंत मेल रवाना झालेले असायचे.

यादीची पहिली ओळ मात्र कायम बारडोलीच्या बांची. शेठची आई. दुकानात बोहनी तशी शेठच्या मेलात बा. नवी डिझाइन असली की तिचं पहिलं चित्र बांकडे जायचं आणि त्या 'सारु छे', छान आहे, म्हणेपर्यंत बाजारात कुणाला वासही लागू द्यायचा नाही. भरतीची छपाईची फाइल शेठ स्वतःच्या मशीनमध्ये कुलपात ठेवत. ती तिथून एकदाच बाहेर पडली होती, गेल्या आठवड्यात, बांच्या आशीर्वादासाठी.

विशाखा थांबली. बा, नवी डिझाइन छे. शेठना ती मस्करी वाटली होती. पण चोराने कामरेजवाल्याला फाइल देताना बांचा आशीर्वाद कशाला मागायचा? तो मजकूर कुणी लिहिलेला नव्हताच. शेठनीच बांना लिहिलेला मेल जसाच्या तसा दुसऱ्या पत्त्यावर गेला होता.

खिडकीतून चहाचा कप आत आला. मागे छायाताईंचा ओढलेला चेहरा.

"घे माय, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

विशाखाला भरून आलं. तिला इथे चिकटवलं होतं ते ताईंनीच. त्या मूळच्या अमळनेरच्या, आता डिंडोलीला राहणाऱ्या. डिझाइनच्या खोलीत त्यांचं राज्य. कागदाचा कपटाही त्या टाकू देत नसत. पाठकोऱ्या कागदांवर फुलं काढत, आणि नापास झालेली चित्रं एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत. ट्रंकेवर खडूने लिहिलं होतं, 'आराम'. 'मेली नाहीत ती, थकलीत,' म्हणायच्या.

"ताई, मी नाही हो केलं."

"मला का माहीत नाही?" ताई खाली बघत म्हणाल्या. "पण पोलीस आले म्हणजे तुझ्या बापाला चौकीत बसवतील. त्यापेक्षा सही करून टाक. तुझं वय काय? दुसरीकडे मिळेल तुला."

कप गरम होता, बोलणंही मायेचं होतं, पण विशाखाला आत कुठेतरी गार वाटलं.

३

तिने गेल्या आठवड्यातली ती यादी उघडली. पहिली ओळ बांची. दुसरी कामरेजवाल्याची. तो शेठकडून साध्या डिझाइनी घेणारा जुना व्यापारी. त्या सकाळी त्याची घाई आहे म्हणून त्याला वर घ्यायला छायाताईंनी सांगितलं होतं.

ती हाताने एकेका दुव्यावर टिचकी मारत गेली. बांचा मेल उघडला. वर शेठचा मजकूर, खाली भरती. मग कामरेजवाला.

काहीच उघडलं नाही. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आली, असा मेल या जागी नाही. वायर नाही म्हणून असेल, असं वाटून तिने खालच्या ओळी दाबल्या. त्या सगळ्या उघडल्या. म्हणजे वायरीचा दोष नव्हता. हा एकच दुवा मेलेला होता. यादी करताना मात्र ती प्रत्येक दुवा तपासायची. त्या सकाळी हा जिवंत होता.

"केतनभाई!" तिने काचेवर टकटक केली.

केतन बाहेर खुर्ची टाकून पहारा देत होता. त्याला मनातून या स्क्रिप्टचा राग होता. मित्राचं महागडं सॉफ्टवेअर ऑफिसात आणायचा त्याचा बेत तिच्यामुळेच फिसकटला होता.

"सामायिक खात्यातला कामरेजवाल्याचा मेल तुम्ही काढला?"

"मैं तो मोबाइल पे देखता हूं. जो फालतू है वो डिलीट. बात खतम." त्याने मान वेळावली. "तू सही कर दे ना. काका का दिमाग ठंडा हो जाएगा. मुझे भी घर जाना है."

डिलीट केलेला मेल कचऱ्यात जातो. विशाखाने कचऱ्याची पेटी उलटीपालटी केली. कामरेजवाल्याचा मेल तिथे नव्हता.

म्हणजे तो पुसलेला नव्हता. कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवला होता. दुवा मेलाचा माग त्याच्या कप्प्यासकट, म्हणजे फोल्डरसकट, ठेवतो. कप्पा बदलला की दुवा आंधळा. बाहेर दिवे विझून पुन्हा लागले तसा तिच्या डोक्यात प्रश्न पेटला. पान उघडलंच नाही, तर कामरेजवाल्याला काहीच जायला नको होतं. मग स्क्रिप्टने पाठवलं ते काय?

४

हाताने काम करणारा माणूस पान उघडलं नाही हे बघतो आणि थांबतो. स्क्रिप्टला डोळे कुठे असतात? तिला विशाखानेच सांगितलं होतं, दुवा उघड, मग समोर जे पान असेल ते या पत्त्यावर धाड. समोर जे पान असेल! ते नवं आहे की मघाचंच, हे बघायला तिने सांगितलं नव्हतं. शिवाय नंतर तपासायला बरी म्हणून ती उघडलेली पानंही मिटवत नसे.

तिने यादीवर स्क्रिप्ट सोडली. वायर नव्हती, म्हणून मेल बाहेर न जाता निघण्याच्या पेटीत साचले. केतनने कोंडताना तिच्यावर एवढा एक उपकार केला होता. बांचा मेल उघडला, रांगेत लागला. कामरेजवाल्याचा दुवा आंधळा, काही उघडलं नाही, समोर बांचंच पान. स्क्रिप्टने तेच इमानेइतबारे उचललं आणि कामरेजवाल्याचा पत्ता चिकटवला. पेटीत लख्ख दिसत होतं, कामरेजवाला, आणि खाली 'बा, नवी डिझाइन छे, आशीर्वाद आपजो.'

विशाखाला हसू आलं आणि लगेच विरलं. चूक तिचीच होती. शेठ म्हणतील, चोर नाहीस तर बेअक्कल आहेस, सही कर. आणि दुवा आपोआप आंधळा झाला नव्हता. यादी झाल्यावर आणि चहाच्या आधी कुणीतरी नेमका तोच मेल हलवला होता. म्हणजे ही खोड कुणालातरी तिच्या आधी माहीत होती.

शुभम डबा घेऊन आला. खिडकीतून भाकरी सरकवताना त्याचा चेहरा कसानुसा झाला. "मनाला नको लावून घेऊ. मना हातमा चावी राहती तर उघडंच टाकलं असतं. पण ती केतनभाईकडे आहे."

"शुभम, कुठल्या पार्टीला कधी भलतीच डिझाइन गेल्याची तक्रार आली होती?"

"एकदा आली ना! होळीच्या टायमाला. अमरावतीवाल्याला दुसऱ्याच कोणाची बांधणी गेली. तो फोनवर ओरडला. तसा त्याचा ऑर्डर रद्दच झालेला होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"मी डिझाइनच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्या म्हणे, मी बोलते विशूशी. बोलल्या नाहीत का?"

विशाखाने भाकरी खाली ठेवली. रद्द झालेल्या ऑर्डरच्या मेलाचं ताई काय करत असत, ते तिला माहीत होतं. पत्र्याच्या ट्रंकेसारखाच त्यांनी सामायिक खात्यातही एक कप्पा केला होता.

तिने तो उघडला. अमरावतीवाल्याचा मेल तिथे होता. आणि त्याच्या वर, गेल्या आठवड्यातला, कामरेजवाल्याचा. 'आराम'मध्ये.

बाहेर दुकानांतून उदबत्त्यांचा वास यायला लागला. दिवाबत्ती झाली होती. शेठच्या चपला जिन्यात वाजल्या.

५

"सही?" शेठनी विचारलं.

"एक गोष्ट दाखवते. मग पोलीस बोलवा. पण सगळ्यांना इथे बोलवा."

शेठना काचेबाहेरून बघावं लागलं, कारण चिडूनही त्यांना कुलूप काढायचं सुचलं नाही. विशाखाने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि सगळं पुन्हा करून दाखवलं. पेटीतल्या मेलावर बांचं नाव उमटलं तसे शेठ पुढे वाकले, काचेला त्यांचं कपाळ लागलं.

"ये तो मेरा लिखा हुआ है," ते पुटपुटले.

"तुमचंच आहे. मला चोरी करायची असती तर मी ती ओळ पुसली नसती का? मेल माझ्या मशीनवरून गेला, माझ्या स्क्रिप्टमधल्या चुकीमुळे गेला. ती चूक माझी. पण दुवा कुणीतरी मुद्दाम आंधळा केला."

"कोण?" केतन म्हणाला. "पासवर्ड तो सबके पास है."

"हो. पण तुम्ही हलवत नाही, पुसता. शुभम खात्यात कधी शिरतच नाही, त्याचं जग फोनवर. आणि नुसता मेल हलवून भागत नव्हतं. हलवला तर काय होतं, ते माहीत हवं. ते एकदाच घडलं होतं, अमरावतीवाल्याच्या वेळी. यादी झाल्यावर त्याचा रद्द मेल कप्प्यात ठेवला गेला आणि त्याला वरच्या ओळीतलं पान गेलं. तक्रार ज्यांच्यापर्यंत आली त्यांनी ती माझ्यापासून लपवली. गेल्या आठवड्यात कामरेजवाल्याला बांच्या खाली आणायला त्यांनीच सांगितलं. आणि त्याचा मेल पुसून टाकला असता तर मला तो या जन्मात सापडला नसता. पण त्यांना काही टाकून देता येत नाही. त्यांनी तो आरामात ठेवला."

सगळ्यांनी एका बाजूला पाहिलं.

छायाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "छायाबेन?" शेठ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "तुमने? अपनी ही डिझाइन?"

"माझी?" ताई म्हणाल्या. "माझी कुठे लिहिलंय? इतकी वर्षं काढते, कधी शेठचं नाव पडलं, कधी केतनभाईंचं. आता प्रदर्शनात केतनभाई उभे राहून सांगतील, भरती मला हजीऱ्याला सुचली. हजीऱ्याला वाळूत मी बसले होते. कामरेजवाला म्हणे, फाइल आणा, काठावर तुमचं नाव छापतो. पूर्ण नाव." त्यांनी टेबलावरच्या साडीकडे पाहिलं. "छापलं नाही त्याने."

दुपारी काठ चाचपणारी ती बोटं विशाखाला आठवली. इतका वेळ राग धरून ठेवला होता, तो आता नेमका हवा तेव्हा हातातून सुटत होता.

"मग माझ्याच मशीनवरून का, ताई?"

"भरती बाहेर पडली म्हणजे पहिलं बोट माझ्याकडेच आलं असतं ना." ताई पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून बोलल्या. "तुला शिव्या बसतील, नोकरी जाईल, असं वाटलं. कोंडतील असं नव्हतं वाटलं, माय. तू शिकलेली. तुला दुसरं मिळतं. मला या वयात कोण विचारतं?"

"माझे बाबा आज कुणाला तोंड दाखवणार होते, हे नाही आलं मनात?"

ताईंची नजर पुन्हा साडीच्या काठाकडे गेली.

केतनने खाली मान घालून कुलूप काढलं. विशाखा बाहेर आली. तिचे पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते, आणि मोकळ्या हवेत उभं राहूनही तिला सुटल्यासारखं वाटेना. शेठनी मोबाइल तिच्या हातात ठेवला. त्यावर बाबांच्या न घेतलेल्या फोनांची रांग लागली होती. तिने शेठसमोरच फोन लावला. "बाबा, निघते मी. काही नाही झालं. घरी आल्यावर सांगते."

मागे छायाताई आपण होऊन केबिनमध्ये शिरल्या आणि तिच्या खुर्चीत बसल्या. समोर तो कागद तसाच होता, सहीवाचून.

"फेंक दो वो," शेठ घोगऱ्या आवाजात म्हणाले. "केतन, दूसरा कागज ला."

"नको," ताई म्हणाल्या. "टाकू नका. मागची बाजू कोरी आहे."

त्यांनी कागद उलटा केला, हाताने सपाट केला आणि पेन मागितलं. कुणी हललं नाही, तेव्हा विशाखानेच आपलं पेन खिडकीतून आत सरकवलं. ताई सावकाश, चित्राखाली रेघ मारावी तशा लिहीत गेल्या, भरती मी काढली, आणि मीच दिली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.